गादीचा वारसा आणि कामठ्याची जमीनदारी

नागपूरकर भोसल्यांच्या गादीवर बसणारास ‘सेनासाहेबसुभा’ हे पद असे आणि त्या पदाची वस्त्रे, म्हणजे मान्यतेचा पोशाख व सनद, सातारच्या छत्रपतींच्या नावे पेशवा दरबारातून येत. जन्माने मिळालेला हक्क, दरबाराची वस्त्रे आणि हाताशी असलेली फौज या तीन गोष्टी एकाच पुरुषाकडे असत तोवर राज्य सुरळीत चाले. त्या तीन ठिकाणी विभागल्या गेल्या की तलवारी उपसल्या जात.

१७७२ मध्ये जानोजी भोसले निपुत्रिक वारले तेव्हा नेमके हेच घडले. जानोजींनी धाकटे बंधू मुधोजी यांचा मुलगा रघूजी यास दत्तक घेण्याचे ठरविले होते, त्यामुळे अल्पवयीन मुलाच्या नावे कारभार करण्याचा हक्क मुधोजी सांगू लागले. परंतु जानोजींची विधवा दर्याबाई प्रारंभी दुसरे बंधू साबाजी यांच्या बाजूस झुकली. त्यातच पुण्यात ऑगस्ट १७७३ मध्ये पेशवा नारायणरावाचा खून होऊन पेशवाईतच दोन पक्ष पडल्यामुळे नारायणरावाचा चुलता राघोबादादा याने मुधोजीस आणि राघोबाच्या विरोधकांनी साबाजीस उचलून धरले. त्यापूर्वी अकोल्याजवळ कुंभारी येथे दोघा भावांच्या फौजा भिडल्या होत्या, पण निकाल लागला नव्हता. अखेर २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळील पाचगावच्या लढाईत मुधोजीचे सैन्य मोडत आले असता, विजय झालाच असे समजून साबाजी त्याच्या हत्तीवर चालून गेला आणि मुधोजीच्या पिस्तुलाच्या गोळीने ठार झाला, असे इतिहासकार सांगतात.

इंग्लंडमध्येही १०६६ मध्ये निपुत्रिक राजा एडवर्डच्या मृत्यूनंतर सॅक्सन उमराव हॅरल्ड, नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्डराडा आणि नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम असे तीन दावेदार उभे राहिले होते. २५ सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिज येथे हार्डराडा आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्ज येथे हॅरल्ड पडला, म्हणून मुकुट विल्यमच्या वाट्यास आला. दोन्हीकडे वारशाचा वाद युक्तिवादाने सुटला नाही. प्रतिस्पर्धी जिवंत उरला नाही, एवढ्यानेच तो मिटला.

पुढच्या पिढीत मात्र वस्त्रे देणारा हात बदलला. २२ मार्च १८१६ रोजी दुसरे रघूजी वारले आणि त्यांचा विकलांग पुत्र परसोजी गादीवर आला. त्याचा चुलतभाऊ आप्पासाहेब याने कारभार हाती घेऊन मे १८१६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा, म्हणजे संस्थानाच्या खर्चाने कंपनीची पलटण ठेवण्याचा, तह केला. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजीचा अंत झाल्यावर आप्पासाहेब राजा झाला. परंतु त्याच वर्षी २६ व २७ नोव्हेंबरला नागपूरच्या सीताबर्डी टेकड्यांवर त्याच्या फौजेने कंपनीच्या थोड्या सैन्यावर चढविलेला हल्ला फसला आणि १६ डिसेंबरच्या लढाईनंतर नागपूर कंपनीच्या हाती गेले. मे १८१८ मध्ये आप्पासाहेब कंपनीच्या कैदेतून निसटला आणि जूनमध्ये दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा अल्पवयीन मुलगा तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसविण्यात आला. कारभार दुसऱ्या रघूजींची विधवा बाकाबाई हिच्या नावे, तर सूत्रे कंपनीचा रेसिडेंट जेंकिन्स याच्या हाती होती.

या घडामोडींचा धक्का वैनगंगेच्या खोऱ्यातील कामठ्यापर्यंत पोहोचला. आज गोंदिया जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा एका मोठ्या जमीनदारीचे ठाणे होते. सरकारला ठराविक रक्कम भरून मुलखाची वसुली व बंदोबस्त पाहणाऱ्या सरदाराचा हा अधिकार तेथे चिमणा पटेल याच्याकडे होता. त्याने आप्पासाहेबाचा पक्ष घेऊन बंड केले, तेव्हा सप्टेंबर १८१८ मध्ये कॅप्टन गॉर्डन याच्या तुकडीने कामठ्याचा किल्ला घेतला, चिमणा पटेल कैद झाला आणि त्याची जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली.

विल्यमनेही बंडखोर सॅक्सन उमरावांच्या जमिनी काढून आपल्या नॉर्मन सरदारांत वाटल्या आणि १०८६ मध्ये जमिनींची गावोगाव नोंद करविली. राजधानीतील लढाईने राजा ठरतो, परंतु त्याची सत्ता मुलखात रुजते ती जमिनीचा धनी बदलल्यावर; म्हणून नागपूरच्या गादीचा इतिहास सीताबर्डीवर न थांबता कामठ्याच्या जमीनदारीपर्यंत वाचावा लागतो.