पायथॉन आवृत्ती-सुसंगतता
पायथॉन आवृत्ती-सुसंगतता म्हणजे पायथॉन या आज्ञावली भाषेच्या एका आवृत्तीत लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या आवृत्तीवर यथायोग्य चालणे होय. ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेली पायथॉन ३.० ही आवृत्ती पायथॉन २ शी पूर्णतः सुसंगत नाही. कंसाविना लिहिलेली 'प्रिंट' आज्ञा नव्या आवृत्तीत त्रुटी दाखवून थांबते. काही फरक मात्र मूकपणे घडतात. युटीएफ-८ संकेतनातील 'बीड' या जिल्हानामाची लांबी पायथॉन २ बाइटांनुसार ९ मोजते, तर पायथॉन ३ युनिकोड चिन्हांनुसार (ब, दुसरी वेलांटी, ड) ३ मोजते. त्यामुळे ठरावीक लांबीवर गावांची नावे छाटणारी जुनी आज्ञावली त्रुटी न दाखवताही निराळी यादी देऊ शकते.

पायथॉन २ चे अधिकृत साहाय्य १ जानेवारी २०२० रोजी संपले. लिनक्सवर आज्ञावलीच्या पहिल्याच ओळीत आवृत्तीचा स्पष्ट निर्देश करणे आणि बदलानंतर उत्तरे पडताळणे इष्ट असते.