बचावपटूचं मोल एका आकड्यात मावत नाही

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचे ३२ संघ दरवर्षी एप्रिलच्या सुमाराला ड्राफ्टच्या ७ फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू निवडतात. आक्रमण करणाऱ्यांची कामगिरी यार्ड आणि टचडाऊनमध्ये मोजता येते. बचावपटूचं उत्तम काम मात्र पुष्कळदा कुठल्याच रकान्यात दिसत नाही. ज्याच्या बाजूला चेंडू फेकायला क्वार्टरबॅक (आक्रमणात चेंडू फेकणारा खेळाडू) धजत नाही, त्या कॉर्नरबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, नावापुढे काहीच लागत नाही. म्हणून त्याला एखाद्या ठळक आकड्याने जोखण्याचा मोह होतो आणि बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

गैरसमज १ : कॉलेजात सॅक जास्त, तर पुढेही जास्त

चेंडू हातून सुटण्याआधी क्वार्टरबॅकला पाडलं की सॅक होतो. दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धा. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या व्हर्नन गोल्स्टनने २००७ मध्ये १४ सॅक केले. न्यू यॉर्क जेट्सने २००८ मध्ये त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं, पण एनएफएलमध्ये त्याला एकही सॅक जमला नाही. उलट एलएसयू या विद्यापीठाच्या डॅनील हंटरच्या नावावर शेवटच्या कॉलेज मोसमात जेमतेम दीड सॅक होता. २०१५ मध्ये तो तिसऱ्या फेरीत मिनेसोटा व्हायकिंग्जकडे गेला आणि २०१८ व २०१९ या दोन्ही मोसमांत त्याने साडेचौदा-साडेचौदा सॅक केले. सॅक एकट्याचा नसतो. मागच्या साथीदारांनी रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) अडवून धरले, तर क्वार्टरबॅक चेंडू घेऊन रेंगाळतो आणि सॅक सोपा होतो. काही प्रशिक्षक तर बचावपटूला धावून जाण्याऐवजी जागा राखायलाच सांगतात. त्यामुळे सॅक किती, यापेक्षा तो कसा, कोणाविरुद्ध आणि कोणत्या भूमिकेत मिळाला, हे चित्रफितींवर तपासावं लागतं.

गैरसमज २ : कम्बाइनमधला वेग आणि शरीराची मापंच निर्णायक

इंडियानापोलिसला ड्राफ्टआधी होणाऱ्या शारीरिक चाचण्यांत, म्हणजे कम्बाइनमध्ये, ४० यार्ड, म्हणजे सुमारे ३६.६ मीटर, धावण्याची वेळ सर्वाधिक गाजते. पण पुढच्या बचावफळीतला खेळाडू सामन्यात सरळ रेषेत इतकं क्वचितच धावतो; त्याच्यासाठी पहिली काही पावलं आणि वाकून वळण्याची क्षमता मोलाची. ॲरिझोना स्टेटच्या टेरेल सग्जने २००२ मध्ये २४ सॅकचा विक्रम केला होता. ४० यार्डांची त्याची वेळ निराशाजनक ठरली, तरी बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला २००३ मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडलं. २०११ मध्ये तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. पिट्सबर्ग विद्यापीठाचा ॲरन डोनल्ड तर आपल्या जागेसाठी ठेंगणा मानला गेला. २०१४ मध्ये तेराव्या क्रमांकावर निवडला गेलेला हा खेळाडू पुढे तीनदा सर्वोत्तम बचावपटू झाला. त्याचे चपळ हात आणि समोरच्याच्या छातीखाली शिरण्याची हातोटी उंचीच्या नोंदीत दिसणारच नव्हती.

मग कम्बाइन निरर्थक का? मुळीच नाही. हंटरचे सॅक कमी असूनही संघांना त्याच्यात रस वाटला, तो त्याच्या विलक्षण शारीरिक क्षमतेमुळेच. मात्र गोल्स्टनच्या चाचण्याही उत्तमच होत्या. चाचणी शक्यता दाखवते. त्या शक्यतेचं कौशल्यात रूपांतर होतंय का, हे खेळ पाहूनच कळतं. दोन्ही पुरावे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात.

गैरसमज ३ : उशिरा निवड, म्हणजे कुवत कमी

स्टॅनफर्डचा रिचर्ड शर्मन आधी रिसीव्हर होता आणि कॉर्नरबॅक म्हणून कॉलेजात दोनच मोसम खेळला. पुरावा कमी, म्हणून २०११ मध्ये त्याची निवड पाचव्या फेरीत, १५४ व्या क्रमांकावर झाली. २०१३ च्या मोसमात त्याने लीगमध्ये सर्वाधिक, ८ इंटरसेप्शन घेतले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने फेकलेले चेंडू मध्येच झेलले. क्रमांक ही त्या दिवशीच्या माहितीवर लावलेली अटकळ असते.

एवढं करूनही तज्ज्ञ चुकतात, मग हे सारं नशीबच, असा आक्षेप घेतला जातो. पण वर दिलेल्या चुकांना कारणं आहेत आणि ती ओळखता येतात: कधी आकड्यामागची परिस्थिती पाहिली नाही, कधी मापावरून खेळ ठरवला. अनिश्चितता पूर्ण जाणार नाही, पण या चुका टाळून ती कमी नक्की करता येते. विशी-बाविशीतल्या तरुणाचं भवितव्य ज्या निर्णयावर अवलंबून आहे, त्यासाठी एवढी मेहनत घेणं संघांचं कर्तव्यच आहे.