एका माशीमुळे अडलेला आंब्याचा व्यापार

फळे परदेशी पाठविणाऱ्या व्यापाऱ्यास भाव पडण्यापेक्षा फळमाशीचे भय अधिक असते. ही माशी आंब्याच्या सालीखाली अंडी घालते आणि अळ्या आतला गर खातात. फळ वरून चांगले दिसते. ऐब निघतो तो परक्या बंदरावर. आमच्या कापडाच्या ठाणात डाग निघाला तर भाव तोडून माल खपतो. येथे एक अळी सापडली की सगळा माल बाद!

२००३ साली केनियात एक अनोळखी फळमाशी आढळली. नैरोबीच्या 'इसिपे' या कीटक संशोधन केंद्राने तिचा पिच्छा पुरविला. केनियाचे शास्त्रज्ञ थॉमस ओधियाम्बो यांनी १९७० मध्ये ते स्थापन केले. आफ्रिकेच्या स्वतःच्या फळमाश्या होत्याच, ही आशियातून आलेली. २००५ मध्ये ती नवी जात ठरवून तिला 'इन्व्हेडेन्स', म्हणजे आक्रमण करणारी, हे नाव दिले गेले.

नावाचा वाद पुस्तकी वाटेल, परंतु आयात करणारा देश किडीचे नाव पाहूनच अटी घालतो. जात वेगळी ठरली की फळावरील प्रक्रियेचे प्रयोग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून २० देशांतील सुमारे ५० संशोधकांनी माशीची शरीररचना, डीएनए, संकर, गंध असे सर्व तपासले. २०१४ मध्ये निकाल आला: ही आशियाची जुनी 'डॉर्सालिस'च आहे. आपल्या कोकणात हापूसला लागते तीच!

त्याच वर्षी दोघांचेही दार बंद झाले. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून, ऐन हंगामात, भारतीय आंबा बंद केला. ४८ अंश गरम पाण्यात एक तास आंबा ठेवण्यासारखे उपाय दाखविल्यावर जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठविण्याचे ठरले. केनियाने २०१४ मध्ये युरोपची निर्यात स्वतःच थांबविली. ती २०२१ मध्ये सुरू झाली. सात वर्षे गिऱ्हाईक तुटल्यावर काय उरते, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

उपाय महाग नाहीत. मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर माश्या सापळ्यात येतात. कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा यावरच चालतो. 'इसिपे'ने माशीच्या अंड्यांवर जगणारी एक बारीक गांधीलमाशीही आणून सोडली. बागेत गळून पडलेली फळे तंबूत टाकण्याची त्यांची युक्ती मला विशेष आवडली. तंबूच्या जाळीतून फळमाशी बाहेर पडू शकत नाही, पण तिची वैरीण गांधीलमाशी आरामात निघून पुन्हा बागेत कामाला लागते.