वरची साखर कमी केली तर शरीरात काय घडते?



आपला भाग उसाचा. त्यामुळे साखरेविरुद्ध काही लिहिलेले दिसले की कोणाच्याही कपाळाला आठ्या पडायच्या. पण आपले साखरेशी भांडण नाही बरं का! ती पोटात किती जावी, एवढेच पाहायचे आहे.

आधी 'वरची साखर' म्हणजे काय ते समजून घेऊ. दुधात, केळ्यात, पेरूत जी गोडी असते ती निसर्गाने घातलेली. चहात, सरबतात, शिऱ्यात आपण घालतो ती वरची. बिस्किटे, गोळ्या, बाटलीतली थंड पेये यांत कारखान्यात घातलेली असते, तीही वरचीच. आता तुम्ही म्हणाल, "आमच्या घरी गुळाचा चहा असतो!" गुळात थोडे लोह असते हे खरे, पण बहुतेक भाग साखरेचाच. दातांना आणि रक्ताला गूळ काही वेगळा वाटत नाही. काकवी आणि मध यांचेही तसेच.

"साखर सोडली तर अंगात ताकद कुठून यायची?" असे घरोघरी विचारतात. त्याचे उत्तर आपल्या ताटातच आहे. ज्वारीची भाकरी, भात, वरण पचले की त्यातून ग्लुकोज तयार होते. हीच शरीराची साखर. भाकरीतून ती सावकाश रक्तात येते. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम एक चहाचा चमचा साखर असते! यकृत आणि स्वादुपिंड ती मोजून मापून राखतात. ३०० मिलिलिटर थंड पेयात मात्र साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. ती एकदम आली की स्वादुपिंडाला इन्सुलिन नावाचा रस घाईघाईने सोडावा लागतो. वर्षानुवर्षे जास्त गोड खाऊन चरबी वाढली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासे होते. मग मधुमेह दारात उभा राहतो.

आता साखर कमी केली तर काय होते ते पाहू.

१) दात : फायदा पहिल्या दिवसापासून. दातांवरचे जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल दाताचे कवच झिजवते. गोड खाल्ल्यावर अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ हे चालते. नंतर लाळ थोडी डागडुजी करते. दिवसभर गोळ्या चघळल्या तर लाळेला सवडच मिळत नाही. म्हणून किती गोड खाल्ले याबरोबर किती वेळा खाल्ले, हेही महत्त्वाचे. मात्र पडलेले भोक आपोआप बुजत नाही, त्याला दातांचे डॉक्टरच हवेत.

२) जीभ : पहिले काही दिवस चहा बेचव लागतो, गोडाची आठवण येते, कोणाकोणाची चिडचिडही होते. घाबरू नका. हळूहळू जिभेची सवय बदलते आणि नुसते दूधही गोड लागू लागते.

३) यकृत : साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. तो मुख्यतः यकृतात जातो आणि जास्त झाला की तिथे त्याची चरबी होते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे डॉक्टरांनी चाळीसहून अधिक लठ्ठ मुलांच्या आहारातील वरची साखर फक्त ९ दिवस कमी केली. त्याऐवजी तितकीच ऊर्जा देणारे पिठूळ पदार्थ दिले. तेवढ्यातच त्यांच्या रक्तातील चरबी आणि यकृतातील चरबी कमी झाली.

४) भूक : हे आपल्याकडे फार महत्त्वाचे. सकाळी गोड चहा आणि बिस्किटे खाल्ली की पोट भरल्यासारखे वाटते आणि जेवण जात नाही. शिवाय जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. हडकुळ्या मुलाचे गोड नुसते बंद करू नका. त्याच्या जागी शेंगदाणे, अंडे, केळे, उसळ-भाकरी द्या.

तान्ह्या बाळांविषयी एक गोष्ट आयांनी जरूर वाचावी. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून ब्रिटनमध्ये साखर रेशनवर मिळे. सप्टेंबर १९५३ मध्ये बंधन उठले आणि लोकांचे साखर खाणे जवळजवळ दुप्पट झाले. आईच्या पोटात असताना आणि पहिल्या दोनेक वर्षांत ज्यांच्या वाट्याला रेशनचे दिवस आले, त्यांना पुढे मोठेपणी मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्के कमी आढळला. हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. म्हणून दोन वर्षांच्या आतील बाळाच्या दुधात, पेजेत साखर घालू नये. त्याला ती ठाऊकच नसते, मग तो मागणार तरी कशी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, मोठ्या माणसाने दिवसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांच्या आत राहिलेले उत्तम. मुलांनी त्याहून कमी. आता एक गणित करू. कपात २ चमचे, दिवसाला ३ कप, चमचा ४ ग्रॅमचा. एका माणसाचे दिवसाला २४ ग्रॅम झाले. घरात पाच माणसे असतील तर ३० दिवसांत ३ किलो ६०० ग्रॅम, तेही फक्त चहात! बिस्किटे अजून मोजलीच नाहीत.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या माणसाला कधी अचानक घाम सुटतो, हातपाय थरथरतात. शुद्धीवर असेल तर त्याला लगेच साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, तातडीने दवाखान्यात न्यावे. अशा वेळी साखर औषधच असते.

मग सुरुवात कशी करायची? दर आठवड्याला चहातली साखर अर्धा चमचा कमी करा. पुड्याच्या मागची घटकांची यादी वाचा. जे जास्त घातलेले असते ते आधी लिहितात. तहान लागली तर पाणी किंवा ताक प्या. होळीची पुरणपोळी आणि दिवाळीचा लाडू खुशाल खा, सण वर्षातून मोजकेच येतात. चहाची किटली मात्र रोज चुलीवर चढते. तेव्हा हात आखडायचा तो तिथेच!