लिंबावर रोग पडलाय, पण कोणता?

पहिला पाऊस झाला, परसातल्या कागदी लिंबाला पोपटी पालवी फुटली, की पंधरवड्यात घराघरांतून तक्रार सुरू होते: लिंबावर रोग पडलाय. कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘काहीतरी फवारायला द्या’ म्हणायचं आणि मिळेल ती बाटली घरी आणायची, हा सगळीकडचा रिवाज. रोग कोणता हे ना दुकानदाराला माहीत, ना गिऱ्हाइकाला. लिंबाचं झाड मात्र आपलं दुखणं लपवत नाही. ते कोवळ्या पानावर आहे, जून पानावर, फळावर की बुंध्याशी, एवढं पाहिलं तरी निम्मं निदान होतं.

कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसला, तर जरा निरखून पाहावं. ती बहुधा अळी असते. काळ्या-पिवळ्या पंखांचं लिंबावरचं फुलपाखरू पालवीवर एकेक सुटं, फिकट पिवळं अंडं घालतं. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला अशीच दिसते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मोठी होता होता ती हिरवीगार होते. या हिरव्या अळीला काडीनं हलकंच डिवचलं, की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं झटकन बाहेर येतात, उग्र वास सुटतो आणि क्षणभरात शिंगं पुन्हा आत जातात. घरातल्या मुलांना हे एकदा तरी दाखवावंच. मोठ्या, भरल्या झाडाला चार-पाच अळ्यांनी काही होत नाही. पण वर्षा-दोन वर्षांचं रोप त्या बघता बघता उघडं पाडतात. तिथे त्या हातानं वेचाव्यात, औषधाची गरज नाही. शेजारी कढीपत्ता किंवा बेल असेल तर तोही तपासावा, कारण तीच अळी तिथेही वाढते.

पानावर चंदेरी नागमोडी रेघ दिसली, तर ती दुसऱ्या अळीची, पानं पोखरणारीची. पान उजेडाकडे धरलं की रेघेच्या टोकाशी इवलीशी पिवळसर अळी दिसते आणि तिच्या मागे विष्ठेची बारीक काळी ओळ. ती पानाच्या पापुद्र्याखाली राहते, त्यामुळे वरवर मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. जून पान तिला चालत नाही. म्हणून गुंडाळलेली पानं खुडावीत आणि पालवी फुटत असतानाच निंबोळीचा अर्क फवारावा. 50 ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर 1 लिटर पाण्यात भिजवून गाळली, की 5 टक्क्यांचा अर्क तयार होतो. ऊठसूट छाटणी आणि युरियाचा मारा टाळावा. त्यानं अवेळी नवी पालवी येते आणि अळीची सोय होते.

ही रेघ एवढी मनावर घेण्याचं कारण वेगळंच आहे. पोखरलेल्या जागेतून खैऱ्या या रोगाचे जिवाणू सहज आत शिरतात. खैऱ्याचे डाग तपकिरी, उंचवट्याचे असतात. बोट फिरवलं तर खरखर लागतात आणि पानावर त्यांच्याभोवती पिवळं वलय असतं. पावसाचे शिंतोडे आणि वारा यांच्याबरोबर रोग फांदीफांदीवर पसरतो. कागदी लिंबू त्याला फार लवकर बळी पडतं. कीटकनाशकानं जिवाणू मरत नाहीत, इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. रोगट काड्या कोरड्या दिवशी छाटून जाळाव्यात, खतात टाकू नयेत. मग 1 लिटर पाण्यात 3 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून फवारावं. नवं रोप लावायचं असेल, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ ही जात खैऱ्याला सहजासहजी दाद देत नाही.

पानावर काजळी चढली असेल, तर काजळी पुसत बसू नये. ती रस शोषणाऱ्या किडींच्या चिकट स्रावावर वाढलेली बुरशी असते. पानाची खालची बाजू पाहावी, किडी तिथे सापडतात.

या सगळ्यांपेक्षा घातक दुखणं सर्वांत कमी दिसतं, कारण त्यासाठी खाली वाकावं लागतं. बुंध्याशी साल काळपट, ओलसर झालीय आणि तिथून डिंक पाझरतोय, म्हणजे डिंक्या. मातीतली फायटोफ्थोरा बुरशी तो घडवते, आणि बुंध्याला लागून तुंबलेलं पाणी तिला बळ देतं. धुण्याभांड्याचं पाणी थेट खोडाशी सोडण्याची सवय त्यामुळेच महागात पडते. आळं दुहेरी करावं: आतलं वर्तुळ कोरडं, पाणी बाहेरच्या वर्तुळात.

सडलेली साल धारदार चाकूनं खरवडून बोर्डो मलम लावावं. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठाचे प्राध्यापक मिलार्दे यांनी 1885 साली द्राक्षांसाठी जाहीर केलेलं मोरचूद-चुन्याचं हे मिश्रण आजही तितकंच उपयोगी आहे. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये भिजवावा आणि दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करावं. स्वच्छ लोखंडी पातं त्यात बुडवून पाहावं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालावा. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, जमिनीपासून 2-3 फुटांपर्यंत खोडाला ते लावावं. लागेल तेवढंच करावं, उरलेलं मलम दुसऱ्या दिवशी कामाचं राहत नाही.