आधी सुई, मग बाकीचे

घरी रेकॉर्ड ऐकायला चार वस्तू लागतात: टर्नटेबल, त्याच्या दांडीच्या टोकाला बसणारे कार्ट्रिज आणि सुई, फोनो प्रीॲम्प, आणि ॲम्प्लिफायरसह स्पीकर. दुकानात बहुतेकांची निवड स्पीकरपासून सुरू होते, कारण डोळ्यांत तोच भरतो. खरे तर ती पलंगाखालच्या रेकॉर्डींच्या ट्रंकेपासून सुरू व्हायला हवी. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात ही ट्रंक दोन प्रकारची असू शकते, आणि त्यावरच पुढचा सगळा खर्च ठरतो.

पहिल्या प्रकारच्या ट्रंकेत 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, जड, ठिसूळ तबकड्या निघतात. भारतात तबकड्यांसाठीचे ध्वनिमुद्रण 1902 मध्ये कलकत्त्यात सुरू झाले आणि बालगंधर्वांची पदे घरोघर पोचली ती याच तबकड्यांवरून. त्या लाखेच्या असतात आणि 1960 च्या दशकाच्या अखेरपर्यंत निघत होत्या. दुसऱ्या प्रकारच्या ट्रंकेत एलपी असतात: विनाइलच्या, मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या, 1948 मध्ये अमेरिकेत अवतरलेल्या. गीतरामायण, नाट्यसंगीत, गझला आणि हिंदी चित्रपट या काळ्या तबकड्यांवर आले. दोन्ही प्रकार जपून ठेवलेले असतील तर एकाच सुईने भागत नाही.

सुई म्हणजे हिऱ्याचा घासलेला कण. 78च्या रुंद खाचेसाठी तिच्या टोकाची त्रिज्या सुमारे 75 मायक्रॉन लागते. स्टिरिओ एलपीच्या साध्या गोल सुईची सुमारे 18. एलपीची सुई 78वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन साचलेली घाण खरवडते आणि गायकापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. उलट केले तर एलपी कायमची बिघडते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई तर एलपीजवळही नेऊ नये. जुन्या प्लेअरांत यावर एक साधी युक्ती होती: एकाच कार्ट्रिजला दोन सुया, आणि छोटी खिटी फिरवली की 78ची सुई वर जाऊन एलपीची खाली येई.

या कणाच्या नशिबी किती चाल येते, हे हिशेब केल्यावरच कळते. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर सरकते, आतल्या गाण्यांपर्यंत हा वेग वीस सेंटिमीटरवर येतो; शेवटचे गाणे किंचित कोंदट का वाटते, त्याचे एक कारण हेच. वीस मिनिटांच्या एका बाजूला सुमारे 430 मीटर खाच असते. पाचशे तास चाललेली सुई याप्रमाणे 645 किलोमीटर जाते, म्हणजे कोलाडवरून जाणाऱ्या मुंबई–गोवा महामार्गाच्या लांबीहून जास्त. पाचशे ते हजार तासांत ती बदलावी. झिजलेली सुई तक्रार करत नाही, मुकाट्याने खाच कापत राहते.

कार्ट्रिज दोन प्रमुख जातींचे. सिरॅमिक कार्ट्रिज दणकट असते आणि त्याचा विद्युत्संकेत मोठा असतो, पण ते खाचेवर पाच ग्रॅमहून अधिक भार टाकते. स्वस्त सूटकेस प्लेअरमध्ये बहुधा हेच असते, आणि वर स्पीकरही त्याच पेटीत थरथरतो. वडिलांच्या एलपी अशा पेटीवर वाजवू नयेत. चुंबकीय कार्ट्रिज दीड-दोन ग्रॅमवर काम करते. ऑर्टोफॉनच्या 2एम रेडला 1.8 ग्रॅम आणि ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95ईला 2 ग्रॅम भार सांगितलेला आहे. व्हीएम95 मालिकेत 78ची वेगळी सुई मिळते, त्यामुळे कार्ट्रिज न काढता फक्त सुई बदलता येते. मिश्र ट्रंक असलेल्या घराला ही सोय फार मोलाची.

चुंबकीय कार्ट्रिजचा संकेत मात्र जेमतेम काही मिलिव्होल्ट. शिवाय एलपी कापताना खर्ज कमी आणि तार वाढवून कोरलेला असतो. ही रीत 1954 पासून प्रमाण झाली. फोनो प्रीॲम्प हा संकेत शंभरेक पट वाढवतो आणि खर्ज परत जागेवर आणतो. तो नसेल तर गाणे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे लागते आणि दोष बिचाऱ्या स्पीकरच्या माथी जातो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने टर्नटेबलमध्येच तो बसवलेला आहे का, हे पाहावे. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी60एक्समध्ये तो आहे आणि दांडी आपोआप उचलली जाते, पण त्यात भार बदलता येत नाही आणि 78चा वेग नाही. एलपी120एक्समध्ये 78सह तिन्ही वेग आणि दांडीमागे फिरवायचे वजन, दोन्ही मिळतात.

परदेशातल्या नातेवाइकाने आणलेल्या यंत्राबाबत एक गोम ध्यानात ठेवावी. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, आपली 50. जुन्या टर्नटेबलची मोटर याच आकड्यावर फिरते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते, हर्ट्झ नाही. एलपी मग 33⅓ ऐवजी जवळपास 27.8 फेरे घेते आणि काळी चारमध्ये गायलेले पद पांढरी चारमध्ये उतरते. अडॅप्टरवर चालणाऱ्या डीसी मोटरला हा त्रास नाही.

यंत्र घरी आले की खऱ्या अडचणी सुरू होतात, आणि वरशात त्यातल्या बहुतेक पावसाच्या असतात. जून ते सप्टेंबर कुंडलिकेच्या खोऱ्यात हवा सुकतच नाही. बुरशी विनाइल खात नाही. ती बोटांच्या ठशांवर, धुळीवर आणि कव्हरच्या पुठ्ठ्यावर वाढते आणि तिथून खाचेत शिरते. कागदी आतली पाकिटे काढून पॉलिथिनची घालावीत आणि रेकॉर्डी कडेनेच धराव्यात. जमिनीलगत वाळवी आणि ओल, माळ्यावर पत्र्याची धग. म्हणून भिंतीपासून सुटे, मधल्या उंचीचे कपाट बरे. आत रेकॉर्डी उभ्या आणि सरळ ठेवाव्यात. सिलिका जेलच्या पुड्या दर पंधरवड्याला गरम करून कोरड्या कराव्यात.

एलपी डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा थेंब टाकून, खाचेच्या दिशेने पुसता येते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये: लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फर्निचरचे पॉलिश त्याचेच करतात.

रेकॉर्डींप्रमाणे यंत्रातले रबरही जपावे लागते. बेल्ट सैलावतो किंवा चिकट होतो; जुन्या यंत्रांतले रबरी चाक कडक होऊन गाणे थरथरू लागते. जुने यंत्र घेताना हे दोन्ही भाग आज मिळतात का, हे त्याच्या पॉलिशपेक्षा आधी विचारावे. सुई एक जास्तीची घेऊन ठेवावी, कारण बिघाड झाला की मुंबईची फेरी ठरलेली.

घुंईऽ असा आवाज येत असेल तर आधी टर्नटेबलची सुटी अर्थची वायर फोनो प्रीॲम्पच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या अर्थ-स्क्रूला जोडलेली आहे का, ते पाहावे. मग घराचे अर्थिंग तपासावे. जुन्या घरांत तिसरी पिन अनेकदा शोभेचीच असते. लाकडी पाटणीवर पाऊल पडले की सुई उडते, तिथे टर्नटेबल भिंतीला ठोकलेल्या फळीवर बसवावे, आणि स्पीकर त्या फळीवर ठेवू नये.

गणपती गेले की ऊन पडते आणि गाद्या-गोधड्यांबरोबर रेकॉर्डीही अंगणात मांडण्याचा मोह होतो. रिकामी कव्हरे सावलीत, वाऱ्यावर ठेवावीत. तबकड्या घरातच राहू द्याव्यात. तापलेल्या पत्र्यावर विनाइल पापडासारखे वाकते, आणि वाकलेली एलपी घरच्या उपायांनी क्वचितच सरळ होते.