वसईचे पडके मठ पाहायला जा

परदेशी असलेल्या लेकरांकडे गेलेली आपली माणसं हल्ली तिथल्या जुन्या मठांचे फोटो पाठवतात. इंग्लंडात आठव्या हेन्री राजाने १५३६ ते १५४० या काळात शेकडो मठ मोडले. त्यांच्या भिंती हिरव्या कुरणांत उभ्या आहेत, प्रवासी कौतुकाने पाहतात. फोटो बघून मलाही बरं वाटतं. पण असे मठ आपल्या मराठी मुलखातही आहेत, हे आदिलाबादेत फार थोड्यांना ठाऊक आहे.

नंदिग्राम एक्सप्रेसने निघालं की दुसऱ्या दिवशी मुंबई. दादरहून लोकल धरून वसई रोड आणि तिथून बस किंवा रिक्षा वसई किल्ल्यापर्यंत. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन संघांनी किल्ल्यात आपापले मठ व चर्चेस उभारली. आज बहुतेकांवर छप्पर नाही. फ्रान्सिस्कनांच्या संत अंतोनी चर्चमध्ये पायाखाली कोरीव थडग्यांचे दगड लागतात, तेव्हा जपून चाला, ती कुणाची तरी कबर आहे. भिंतींवर झाडं उगवलेली, बाहेर माड, खाडी, आणि पाचूबंदरला वाळत घातलेली मासळी. आपल्या कुंतला धबधब्याशी या देखाव्याची तुलना नको, पण मन तितकंच शांत होतं.

याच वसईचे संत गोन्सालो गार्सिया. ते जपानात गेले, व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९७ साली नागासाकीला २५ सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. किल्ल्यातल्या जुन्या जेझुइट चर्चमध्ये आजही त्यांचा सण होतो.

शेजारच्या हिंदू बांधवांसमोर एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या मठांमागे सत्ता होती. बोरिवलीजवळ मंडपेश्वरला तर शिवाच्या प्राचीन लेण्यावरच फ्रान्सिस्कनांनी मठ बांधला. आज लेण्यात पुन्हा शिवाची पूजा होते आणि वर मठाचे अवशेष आहेत. मुलांना दोन्ही दाखवा, काही लपवू नका.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, त्यांच्यासोबत मठवासीही गेले. राहिले ते वाड्यांमधले शेतकरी आणि किनाऱ्यावरचे कोळी. शरणागतीच्या अटींत त्यांच्या उपासनेला मोकळीक होती. पण अटींच्या कागदाने श्रद्धा टिकत नाही हो. घरात संध्याकाळी प्रार्थना झाली, आईने लेकराला क्रुसाची खूण शिकवली, म्हणून ती टिकली. मठांचं छप्पर गेलं, आणि केळी-पानवेलींच्या वाड्यांत मराठी आणि कादोडी बोलणारा ख्रिस्ती समाज वाढत राहिला. १९९८ साली त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, चांदा धर्मप्रांतातून आपला आदिलाबाद वेगळा झाला.

म्हणूनच मला वाटतं, वसई आपण पाहिलीच पाहिजे. आपल्याकडे हल्ली चर्चचा मनोरा उंच करायचा, फरशी बदलायची म्हटलं की वर्गणी पटकन जमते. रविवारी मुलांना धर्मशिक्षण द्यायला मात्र माणूस मिळत नाही. दहावी-बारावी झालेली पोरं हैदराबादला जातात, आणि जाताना सोबत एक पाठ असलेली प्रार्थनाही नेत नाहीत. वर्गात चाळीस वर्षं खडू धरलेल्या माणसाला हे बघवत नाही. देखणी वास्तू वाईट नाही, देवाचं घर नीटनेटकं असावंच. पण वसईच्या कारागिरांनी काय कमी सुंदर बांधलं होतं?

जायचं तर पावसाळा संपल्यावर जा, ऊन कोवळं असतं. भिंतींवर चढू नका, नावं कोरू नका. किल्ल्यातच वेळ संपवू नका, रविवार गाठून गावातल्या मराठी मिस्सेला बसा. परत आल्यावर आपल्या फादरांना भेटा आणि सांगा, ‘‘मुलांच्या वर्गाला रविवारी एक तास मी देतो.’’ शिकवायला पदवी लागत नाही. वसईच्या आयांकडे कुठे होती?